दिवसा दुकान, संध्याकाळी घरची गाडी

दसऱ्याच्या आधीचा आठवडा पिंपरी-चिंचवडमध्ये गाड्या चकचकीत करणाऱ्यांचा असतो. खंडेनवमीला अवजारं पुजायची आपली रीत, आणि या कारखान्यांच्या शहरात घरातलं सर्वांत महागडं अवजार म्हणजे दाराशी उभी असलेली गाडी. झेंडूची माळ चढायच्या आत ती बाहेरून धुतलेली, आतून व्हॅक्यूम केलेली हवी असते. सर्व्हिस सेंटरवर रांग लावायला कुणाला वेळ नसतो. मग फोन जातो घरी येऊन काम करणाऱ्या डिटेलरला.

संपादकांनी या अंकासाठी 'घर आणि धंदा' असा विषय दिला, तेव्हा मला याच माणसांकडे जावंसं वाटलं. त्यांचा धंदा ज्या गाडीत भरलेला असतो, तीच त्यांच्या घरची गाडी असते. सकाळी तिच्यातून प्रेशर मशीन निघतं, संध्याकाळी तिच्यात मुलगी क्लासवरून घरी येते आणि रविवारी आईवडील गावी जातात. अशी गाडी निवडायची कशी, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा बराच खोल आहे.

वाकडमधल्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी ज्याचं काम बघत उभी होते, तो चिंचवडचा एकतीस वर्षांचा तरुण. आधी चाकणच्या एका कारखान्यात रंगकामाच्या विभागात कंत्राटी कामगार होता. रंगाचे थर कसे चढतात, वरचा पारदर्शक क्लिअर कोट किती नाजूक असतो, हे तिथे शिकला. जुन्या वॅगन आरची डिकी त्याने उघडली आणि सामान ठरलेल्या क्रमाने बाहेर येऊ लागलं. पाण्याचे कॅन, दोन बादल्या, मशीन, होज पाइप, फोमची बाटली, रसायनांचा क्रेट, मायक्रोफायबर कापडांची पिशवी, पॉलिशर, व्हॅक्यूम, एक्स्टेन्शन बोर्ड. मागची सीट पाडलेली होती आणि तिच्यावर प्लास्टिकचा जाड कागद. त्या कागदाखाली, सीटच्या खाचेत, एक गुलाबी हेअरक्लिप अडकलेली दिसली.

सोसायट्यांमध्ये पहाटे एक बादली आणि एक फडकं घेऊन गाड्या पुसणारी माणसं आपल्याला माहीत आहेत. महिन्याला काहीशे रुपयांत ती रोज पाचपन्नास गाड्या पुसतात, आणि त्याच फडक्यातली धूळ पुढच्या गाडीच्या रंगावर बारीक गोल ओरखडे काढते. त्यांचा दोष नाही, एवढ्या पैशात दुसरं काही शक्यच नाही. डिटेलर नेमके ते ओरखडे काढतो. आधी फोमने धूळ सैल करायची, ती रंगाला न घासता उतरवायची, ब्रेकमधून उडून रंगात रुतलेले लोखंडाचे कण रसायनाने विरघळवायचे, उरलेला खरखरीतपणा क्ले बारने काढायचा, मग पॉलिशर, मग वॅक्स किंवा कोटिंग. प्रत्येक पायरीला वेगळं सामान, वेगळं कापड. हे सगळं चाकांवर न्यायचं आहे.

त्याची वॅगन आर आता थकली आहे. गेले काही महिने घरात रात्रीच्या जेवणाला नव्या गाडीचाच विषय आहे. भाऊ म्हणतो ईको, मित्र म्हणतात छोटा हत्ती, सासरे म्हणतात घर मोठं आहे, अर्टिगाच घ्या. या सगळ्या चर्चेची सुरुवात गाडीच्या नावापासून होते. त्याच्यासारख्या आणखी काहीजणांबरोबर फिरल्यावर माझं ठाम मत झालं की सुरुवात पाण्यापासून व्हायला हवी.

आधी पाणी मोजा

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. हे शाळेत शिकलेलं असलं तरी गाडी घेताना कुणाच्या हिशेबात येत नाही. घरगुती वापराचं प्रेशर मशीन मिनिटाला साधारण सहा-सात लिटर पाणी फेकतं. एका गाडीला सगळं मिळून दहा मिनिटं नळी चालू राहिली तर साठ-सत्तर लिटर गेलं. दिवसाला चार गाड्या करायच्या तर अडीचशे लिटरच्या पुढे. अडीचशे किलो म्हणजे गाडीत चार धडधाकट माणसं बसली, आणि सामान अजून चढायचंच आहे. घरच्या गाडीला हा भार रोज, दिवसभर, ब्रेक आणि स्प्रिंगवर घेऊन हिंडायचा आहे.

ग्राहकाच्या नळाचं पाणी घ्यावं, हा साधा उपाय वाटतो. पण पिंपरी-चिंचवडला पवना धरणाचं पाणी नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड येतं. वाकड, हिंजवडी, बाणेरकडच्या कितीतरी सोसायट्या टँकरवर तगून असतात. तिथे पार्किंगमध्ये पाइप लावून गाडी धुतलेली दिसली की सोसायटीच्या ग्रुपवर फोटो पडतो, आणि तो राग मला पूर्णपणे समजतो. बेंगळुरूत मार्च २०२४ मध्ये टंचाई एवढी वाढली की पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावर बंदी आली आणि पाच हजारांचा दंड ठरला. आपल्याकडेही उन्हाळ्यात असे आदेश निघतात. शिवाय जे मिळतं ते बऱ्याचदा बोअरचं जड पाणी. काळ्या गाडीवर ते उन्हात सुकलं की कॅल्शियमचे पांढरे डाग बसतात, आणि ते काढायला पुन्हा तासभर.

म्हणून जाणते डिटेलर हळूहळू 'रिन्सलेस' पद्धतीकडे वळले आहेत. बादलीभर पाण्यात झाकणभर द्रावण टाकायचं, त्यातले पॉलिमर मातीच्या कणांना वेढून घेतात, भिजलेल्या कापडाने एकेक पत्रा पुसून लगेच कोरडा करायचा, कापडाची घडी सतत पालटत राहायची. आठ-दहा लिटरमध्ये गाडी स्वच्छ होते. पावसाळ्यात चिखलाने माखलेल्या गाडीला हे चालत नाही. आधी माती जोराच्या पाण्याने उतरवावीच लागते, नाहीतर कापडच रंग खरवडतं. तरीही वर्षातले बरेच महिने शहरातल्या धुळकट गाड्यांना ते पुरतं.

हा फरक गाडीच्या निवडीत निर्णायक ठरतो. जो दिवसाला चाळीस-पन्नास लिटरमध्ये भागवू शकतो, त्याला वीस-वीस लिटरचे कॅन पुरतात. एक माणूस तो कॅन उचलू शकतो, म्हणजे संध्याकाळी कॅन खाली उतरतात आणि सीट पुन्हा सीट होते. ज्याला दोनशे लिटर हवं, त्याला टाकी बसवावी लागते. भरलेली टाकी कुणी उतरवत नाही, आणि रिकामी झाली तरी पट्ट्यांनी बांधलेली ती तिथेच राहते. आठवड्याभरात घरची माणसं त्या गाडीत बसणं सोडून देतात. आणखी एक गोष्ट कोथरूडच्या एका डिटेलरने दाखवली. टाकी अर्धी भरलेली असली की ब्रेक मारल्यावर पाणी पुढे धावतं आणि गाडी थांबता थांबता पुन्हा एक धक्का देते. टँकरच्या टाकीत आडवे पत्रे असतात ते याचसाठी. प्लास्टिकच्या साध्या टाकीत ते नसतात. छोट्या कॅनमध्ये पाण्याला धावायला जागाच मिळत नाही.

वीज कुठून आणायची

पाण्यानंतर वीज. प्रेशर मशीन दीड-दोन किलोवॅटचं, व्हॅक्यूम त्याच्या जवळपास. बंगल्याच्या पोर्चमध्ये सॉकेट सहज मिळतो. उंच इमारतीच्या पार्किंगमध्ये सॉकेट असला तरी वॉचमनची परवानगी, मग सेक्रेटरीची, मग बिलाचा प्रश्न. गाडीच्या बॅटरीवर इन्व्हर्टर लावू, असं नवखे म्हणतात. गणित करून पाहिलं की उत्साह ओसरतो. अठराशे वॅटचं मशीन बारा व्होल्टवर चालवायचं तर दीडशे अँपियर प्रवाह ओढावा लागतो. गाडीची साधी बॅटरी त्यासाठी बनलेलीच नाही. उरतो पेट्रोलचा जनरेटर. तो चालतो, पण आवाज करतो, तळघरातल्या पार्किंगमध्ये धूर सोडतो, आणि त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड डोळ्यांना दिसत नाही. संध्याकाळी ज्या गाडीत मूल बसणार तिच्यात पेट्रोलचा वास येणारा जनरेटर ठेवायचा, हे मला पटत नाही.

इथे इलेक्ट्रिक गाडीने खरोखर नवी वाट दाखवली आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या नव्या नेक्सॉन ईव्हीत गाडीच्याच बॅटरीतून बाहेरची उपकरणं चालवायची सोय आली, पुढे इतर काही गाड्यांतही ती दिसू लागली. आकडेमोड सोपी आहे. मशीन दहा मिनिटं आणि व्हॅक्यूम वीस मिनिटं चाललं तर एका गाडीमागे पाऊण युनिट वीज लागते, चार गाड्यांना तीन युनिट. तीस युनिटच्या बॅटरीचा तो दहावा भाग. धूर नाही, आवाज नाही, कुणाकडे सॉकेट मागायला नको. हिंजवडीत एकजण याच विचाराने इलेक्ट्रिक गाडीचे हप्ते जुळवत बसला आहे. त्याची अडचण डिकीची. वीज मिळाली तरी कॅन, बादल्या आणि क्रेट ठेवायला छोट्या एसयूव्हीची डिकी अपुरीच, मागची सीट पाडावीच लागते. आणि किंमत अशी की दिवसाला तीन-चार गाड्या धुणाऱ्याने पहिलीच गाडी म्हणून ती घ्यावी, असं मी सांगणार नाही.

ईको आणि बाकीच्या

या धंद्यात सर्वांत जास्त नाव निघतं ते ईकोचं. त्याला कारण आहे. १९८४ मध्ये आलेली मारुती व्हॅन, जिला पुढे ओम्नी हे नाव मिळालं, ती रस्त्यावरचा किराणा, शाळेची मुलं आणि रुग्ण एकाच निष्ठेने वाहत राहिली. २०१९ मध्ये ती बंद झाली. २०१० पासून बाजारात असलेल्या ईकोने तिची जागा घेतली. लांबी पावणेचार मीटरच्या आत, म्हणजे पेठेतल्या बोळातही वळते. दोन्ही बाजूंना सरकते दरवाजे, त्यामुळे दोन गाड्यांमधल्या फूटभर फटीतूनही सामान काढता येतं. पार्किंगमध्ये काम करणाऱ्याला या दरवाजांचं मोल कळतं. मागचं दार वर उघडतं, पावसात त्याच्याखाली उभं राहून रसायनं मिसळता येतात. मात्र तळघरात छतालगत पाइप गेलेले असतील तर तेच दार अर्ध्यावर अडतं. इंजिन पुढच्या सीटखाली आणि जोर मागच्या चाकांना. मागे वजन पडलं की चढावर चाकं जमीन धरून राहतात. इंजिनाची ऊब मात्र उन्हाळ्यात सीटमधून जाणवते.

ईकोवाल्यांनी मला एक गोष्ट आवर्जून सांगितली, सायलेन्सरची चोरी. २०२१ च्या सुमारास महाराष्ट्रात आणि गुजरातेत ईकोचे सायलेन्सर चोरणाऱ्या टोळ्या पकडल्या गेल्या. सायलेन्सरला जोडलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियमसारखे मौल्यवान धातू असतात, आणि उंच गाडीखाली शिरून तो काही मिनिटांत कापता येतो. रात्री रस्त्यावर गाडी लावणाऱ्याने याचा विचार करावा. आत जाळी बसवून घेणारे आहेत, भिंतीला लागून गाडी लावणारे आहेत.

आणि एक अवघड गोष्टही सांगायला हवी. २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या अपघात चाचणीत एअरबॅग नसलेल्या ईकोला शून्य तारे मिळाले होते. नंतरच्या मॉडेलांत एअरबॅग आणि एबीएस आले. पण दसऱ्याला स्वस्तात जुनी ईको घेऊन तिच्यात सामान आणि कुटुंब दोन्ही भरणाऱ्यांनी आपली गाडी कोणत्या वर्षाची आहे ते बघितलंच पाहिजे. ज्या गाडीत फक्त बादल्या बसणार आणि जिच्यात मूल बसणार, त्या दोघींना एकच माप लावता येत नाही.

अर्टिगा कुटुंबाला सुखाची. सात माणसं बसतात, मागे एसीची हवा येते, तिसरी रांग पाडली की सामानाला चांगला सपाट ओटा मिळतो. डिटेलरांच्या दृष्टीने तिची खोट जागेत नाही, आतल्या सजावटीत आहे. कापडी सीट, गालिचा, छताचं मऊ अस्तर, या सगळ्यात ओलावा आणि वास मुरतो. ईकोचा उघडा पत्रा आणि रबराची चटई पुसून मोकळी होते. सीएनजी घेणाऱ्यांनी टाकीचा विचार करावा. मोठा सिलिंडर डिकीतच बसतो, आणि नेमकी तीच जागा आपल्याला हवी असते. टाटाने २०२३ पासून काही गाड्यांत दोन लहान सिलिंडर डिकीच्या तळाशी बसवायला सुरुवात केली, तो विचार या धंद्याला उपयोगाचा. दिवसाला चाळीसएक किलोमीटर फिरणाऱ्याला सीएनजीची बचत महिन्याकाठी जाणवते. पण पंपावरच्या रांगेत गेलेला पाऊण तास म्हणजे एका गाडीचं काम बुडालं.

छोटा हत्ती, म्हणजे २००५ मध्ये आलेला टाटा एस, यावर दोनशे-तीनशे लिटरची टाकी हसत बसते. जनरेटर उघड्यावर राहतो, वास घरात येत नाही. पण केबिनमध्ये चालक आणि आणखी एकजण. चौघांच्या कुटुंबाला ती घरची गाडी होऊ शकत नाही, आणि मागच्या हौद्यात माणसं बसवणं बेकायदा आहे. ज्याच्या घरी आधीच दुसरी गाडी आहे त्याने खुशाल घ्यावा.

सुरुवात करणाऱ्या एका मुलाला मी भेटले, तो स्कूटरवर फिरतो. पायाशी बादली, पाठीवर बॅग, रिन्सलेस द्रावण आणि वीस कापडं. फक्त धुणं आणि आतली सफाई करतो. गाडी घ्यायच्या आधी वर्षभर असं काढलं तर आपल्याला कोणतं काम जास्त मिळतं ते कळतं, आणि मग गाडीचा आकार ठरवणं सोपं जातं. त्याची ही शिस्त मला फार आवडली.

पांढरी पाटी, पिवळी पाटी

खाजगी गाडीला पांढरी नंबर प्लेट, व्यवसायाच्या वाहनाला पिवळी. घरपोच डिटेलर ना प्रवासी नेतो ना भाड्याने माल. तो आपली अवजारं आपल्या गाडीतून नेतो. म्हणून बहुतेकजण पांढऱ्या पाटीवर निर्धास्त असतात. वाहतूक पोलिसांनी हटकण्याच्या गोष्टी ते एकमेकांना सांगतात, पण मला खरी जोखीम विम्यात दिसते. आपल्याकडच्या खाजगी कारच्या विमा पॉलिसीत वापराच्या मर्यादा छापलेल्या असतात. भाड्याने वापर, नमुने आणि वैयक्तिक सामान सोडून इतर मालाची वाहतूक आणि मोटार व्यवसायाशी संबंधित वापर त्यातून वगळलेला असतो. दुसऱ्यांच्या गाड्या पॉलिश करायला निघालेली, मागे पाण्याचे कॅन भरलेली गाडी यातल्या कुठल्या कलमात येते, हा वाद अपघातानंतर उकरला गेला तर तो आपल्याला परवडत नाही. म्हणून विमा घेतानाच कंपनीला आपला वापर लेखी कळवावा आणि उत्तरही लेखी घ्यावं. मी भेटलेल्या डिटेलरांपैकी हे कुणीच केलेलं नव्हतं. सगळ्यांनी मात्र 'करायला पाहिजे' असं म्हणून वहीत लिहून घेतलं.

पिवळ्या पाटीचा मार्ग कागदावर स्वच्छ आहे. एकूण वजन तीन हजार किलोच्या आत असलेल्या मालवाहू वाहनाला परमिटही लागत नाही. पण फिटनेस प्रमाणपत्र घ्यावं लागतं, पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी. आणि मालवाहू गाडीत घरची माणसं बसवली आणि अपघात झाला, तर विम्याचं संरक्षण त्यांच्यापर्यंत पोचत नाही. संध्याकाळी घरची गाडी हवी असणाऱ्याला हा रस्ता इथेच संपतो.

करांची बाजूही एकदा पाहून घ्यावी. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या पेट्रोल-सीएनजी गाड्यांचा जीएसटी अठरा टक्क्यांवर आला, ईकोला त्याचा फायदा आहे. ज्याची जीएसटी नोंदणी आहे त्याला मालवाहू ईकोवर भरलेल्या कराची वजावट मिळू शकते, पाच सीटांच्या ईकोवर मिळत नाही. उलाढाल वीस लाखांच्या आत असलेल्या एकट्या डिटेलरला बहुधा नोंदणीच नसते, त्यामुळे त्याने या वजावटीच्या मोहाने कार्गो गाडी घेऊ नये.

गाडीत बदल करण्याबद्दल मात्र सावध राहायला हवं. सीट कायमच्या काढणं, पत्र्याला भोकं पाडून टाकी बसवणं, छतावर टाकीचा सांगाडा वेल्ड करणं, हे गॅरेजवाले दिवसभरात करून देतात. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम मूळ रचना बदलायला मनाई करतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच अधोरेखित केलं. आरसी बुकात पाच सीट लिहिल्या असतील तर गाडीत पाच सीट असायला हव्यात. पाडता येणाऱ्या सीट, मूळच्या हुकांना अडकवलेले पट्टे, उचलता येणारे क्रेट, एवढ्यात बसेल तेवढाच धंदा करावा, असं माझं म्हणणं आहे.

मागच्या सीटवर कोण बसणार

त्या चिंचवडच्या तरुणाच्या घरी गेले तेव्हा त्याची बायको बालवाडीतून नुकतीच परतली होती. गाडीबद्दल तिला काय वाटतं, हे तोवर कुणी विचारलेलं नव्हतं. "ताई, मला मोठी गाडी नको," ती म्हणाली. "वास नको. मुलगी गाडीत बसली की नाक धरते."

वास कशाचा, तर लोखंडाचे कण काढणाऱ्या रसायनाचा. सडक्या अंड्यासारखा तो वास बंद बाटलीतूनही झिरपतो. त्यात ओल्या कापडांचा कुबट दर्प. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत रसायनांच्या बाटल्या फुगतात, झाकणं सैल होतात. या एका तक्रारीने मला कंपन्यांच्या सगळ्या माहितीपत्रकांपेक्षा जास्त शिकवलं. दिवसा धंदा आणि संध्याकाळी घर अशी गाडी चालवायची असेल, तर ओलं आणि कोरडं वेगळं ठेवता आलं पाहिजे, आणि रसायनं रात्री गाडीत राहता कामा नयेत. कोथरूडच्या एका ईकोवाल्याने हे उत्तम साधलं आहे. घट्ट झाकणाचे तीन प्लास्टिकचे खोके, एक रसायनांचा, एक कोरड्या कापडांचा, एक ओल्यांचा. संध्याकाळी तिन्ही खोके आणि कॅन जिन्याखालच्या कपाटात जातात. मशीन तेवढं डिकीत राहतं. गाडी मोकळी करायला त्याला दहा मिनिटं लागतात, आणि ती दहा मिनिटं तो कधी चुकवत नाही. जिन्याखालचं ते कपाट नसतं तर त्याला ईकोचा काही उपयोग झाला नसता. गाडी बघायला शोरूममध्ये जाण्याआधी सामान रात्री ठेवायचं कुठे, हे घरात ठरायला हवं. चौथ्या मजल्यावर लिफ्टशिवाय राहणाऱ्याला माझा सल्ला, आधी तळमजल्यावर एक छोटी जागा भाड्याने शोधा.

सांडपाण्याचाही इथेच विचार करावा. पार्किंगमधला फोम पावसाळी गटारातून पवनेत आणि मुळेत जातो. पाणी कमी वापरणाऱ्याकडून तोही कमी जातो. रिन्सलेसचं हे आणखी एक पुण्य.

चिंचवडच्या त्या घरात नंतर बरीच बोलणी झाली. त्यांचा निर्णय असा: पाच सीटांची नवी ईको, पेट्रोल. सीएनजी नाही, कारण सिलिंडरच्या जागी कॅन बसायचे आहेत. टाकी नाही. रोज तीन कॅन पाणी, रिन्सलेसवर भर, आणि पावसाळ्यात ज्यांच्याकडे नळ आहे तेवढ्याच गाड्या धुवायच्या. सिरॅमिक कोटिंगची कामं रस्त्यावर घ्यायची नाहीत. त्याला धूळ नसलेली बंद जागा लागते, म्हणून ती मित्राच्या भोसरीतल्या शेडमध्ये करायची. जनरेटर विकायचा. रसायनांचा खोका सासऱ्यांच्या तळमजल्यावरच्या खोलीत. आणि गाडीत पहिला खोका चढायच्या आत विमा कंपनीला पत्र.

पत्राचा मसुदा त्याने मला दाखवला. बायकोच्या वळणदार अक्षरात लिहिलेला होता, गाडी कशासाठी आणि किती वापरणार याचे चार मुद्दे होते. कुटुंबाच्या वापराचा मुद्दा तिने सर्वांत वर घेतला होता.